जांघेतले दुखणे अंगावर काढू नका

खुबा म्हातारपणी दुखतो, ही समजूत विदर्भात तरी टिकत नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये, मेयोत किंवा मिहानच्या एम्समध्ये अस्थिरोगाच्या ओपीडीत खुब्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत विशी-तिशीतली मुलेमुलीही असतात. कुणाला जन्मापासून सिकलसेल असतो, कुणाला दुसऱ्याच आजारासाठी स्टेरॉइड घ्यावी लागलेली असतात, कुणाची दारू जास्त झालेली असते, कुणी अपघातातून उठलेला असतो. कागदावर ‘एव्हीएन’ अशी तीन अक्षरे लिहून मिळतात आणि घरच्यांना सांगितले जाते की, बॉलचा रक्तपुरवठा बंद झाला आहे. मग घरी प्रश्न सुरू होतात. चालायचे की नाही? मांडी घालायची की नाही? काठी कोणत्या हातात धरायची? ऑपरेशन लगेच करायचे की थांबायचे?

या सगळ्यांची उत्तरे एका गोष्टीत सामावलेली आहेत. रक्त थांबल्यामुळे हाड मरते, पण ते खचते त्याच्यावर पडणाऱ्या भारामुळे. या दोन घटनांमध्ये बहुधा काही महिने जातात, कधी वर्षेही. सांधा वाचवायची खरी संधी त्याच काळात असते आणि बरेचदा तोच काळ ‘कंबर धरली असेल’ म्हणत निघून जातो.

रक्त येण्याची वाट एकच

मांडीचे हाड वरच्या टोकाला बारीक होते. त्या भागाला मान म्हणतात. मानेवर गोल डोके असते; बोलताना आपण त्यालाच बॉल म्हणतो. तो कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत फिरतो. बॉलचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो आणि कूर्चेतून रक्तवाहिनी आत जात नाही. त्यामुळे रक्ताला लांबची वाट धरावी लागते. मांडीच्या आतल्या बाजूने निघालेली एक धमनी मानेच्या मागून वळसा घेते. तिच्या बारीक शाखा मानेला चिकटून, सांध्याच्या पिशवीच्या आतून वर चढतात आणि कूर्चेची कड संपते तिथे हाडात शिरतात. वाटीच्या तळातूनही एक लहानशी धमनी बॉलपर्यंत येते, पण मोठ्या माणसात तिच्या भरवशावर राहता येत नाही.

म्हणजे मुख्य वाट एक, तीही अरुंद आणि मानेला लगटून जाणारी. लहान मुलांत आणखी एक अडचण असते. हाड वाढवणारी कूर्चेची चकती मान आणि बॉल यांच्यामध्ये आडवी असते आणि मानेतले रक्त तिच्यातून बॉलमध्ये जात नाही. साधारण चार ते आठ वर्षांच्या वयात बॉलची सारी मदार बाहेरच्या कडेने चढणाऱ्या मोजक्या शाखांवर असते.

पावलागणिक वजनाच्या अडीच पट

दोन्ही पायांवर उभे असताना भार दोन खुब्यांत वाटला जातो. पाऊल उचलले की सगळे शरीर एका खुब्यावर तोलले जाते. शरीराचे वजन खुब्यापासून दूर, आतल्या बाजूला असते. ते त्या बाजूला कलू नये म्हणून नितंबाच्या बाहेरचे स्नायू ओढ धरतात. वजनाची तरफ लांब आणि स्नायूंची आखूड असल्यामुळे त्यांना वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. वजन आणि ही ओढ, दोन्ही मिळून बॉलवर दाबतात.

जर्मनीतल्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यात मोजणी यंत्र बसवून हा भार प्रत्यक्ष मोजला आहे. सपाटीवर साधे चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरतो, जिन्यावर थोडा जास्त. ठेच लागून तोल गेला तर क्षणभर तो सात-आठ पटींवर जातो. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला सुमारे १५० किलोचा भार पडतो असा याचा अर्थ.

निरोगी खुब्याला या भाराची भीती नाही. उलट भारामुळेच हाड घट्ट राहते. सांध्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे चालू राहिले की सांध्यातला द्रव तिच्यात आतबाहेर होतो आणि तिचे पोषण होते. म्हणून चालण्याला घाबरण्याचे कारण नाही. भार घातक होतो तो काही ठरावीक परिस्थितींत.

भार आणि दाब रक्त कसे अडवतात

पहिला प्रकार सांध्याच्या पिशवीतल्या दाबाचा. पाय सरळ करून आतल्या बाजूला वळवला की खुब्याभोवतालची जाड पिशवी ओला कपडा पिळावा तशी आवळते आणि आतली जागा कमी होते. पाय थोडा वाकवून, फाकवून बाहेर वळवला की ती सैल पडते. एरवी याने काही बिघडत नाही. पण पिशवीत पू, रक्त किंवा पाणी साचले असेल तर दाब एवढा वाढू शकतो की मानेलगतच्या पातळ शिरा दबतात. रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही आणि मग आत येणेही थांबते. खुब्यात पू झालेले मूल पाय वाकवून, बाहेर टाकून निपचित पडते ते याचसाठी. त्या स्थितीत दाब सर्वांत कमी असतो.

दुसरा प्रकार फाटण्याचा आणि ताणण्याचा. मान मोडून हाड सरकले की तिला चिकटलेल्या शाखा तुटतात. बॉल वाटीतून निसटला की धमनी ताणली जाते, पिळली जाते.

तिसरा प्रकार हाडाच्या आतल्या दाबाचा. बॉलचे कवच ताणले जात नाही, त्यामुळे आत काही फुगले की त्याचा दाब थेट बारीक रक्तवाहिन्यांवर येतो. स्टेरॉइड आणि दारू यांमुळे मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या ताठर लाल पेशी वाट अडवतात, तिथे सूज येते, सुजेने दाब वाढतो आणि दाबाने रक्त आणखी मंदावते.

मेलेले हाड लगेच खचत नाही

रक्त थांबल्यावर पेशी मरतात, पण हाडाचा सांगाडा तसाच उभा असतो आणि भारही पेलतो. एक्स-रे अनेक महिने स्वच्छ दिसतो. नंतर शरीर दुरुस्तीला लागते. कडेच्या जिवंत भागातून नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मेलेले हाड पोखरून काढू लागतात. पोखरणे आधी होते, नवे हाड नंतर बसते. या मधल्या काळात बॉलचा वरचा भाग कमकुवत असतो आणि नेमका तोच भाग चालताना सर्वांत जास्त भार झेलतो. कूर्चेच्या खाली बारीक तडा जातो. एक्स-रेवर तो चंद्रकोरीसारखा दिसतो. त्यानंतर बॉल चपटा होतो. चपट्या बॉलला वाटीत नीट फिरता येत नाही आणि सांधा झिजत जातो.

चंद्रकोर दिसण्याआधी निदान व्हावे, ही सगळी धडपड त्यासाठी. ते काम एमआरआय करतो. जोखमीच्या माणसाला जांघेत दुखत असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर घरी जाऊ नका. एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा आणि तो दोन्ही खुब्यांचा करून घ्या, कारण हा आजार बरेचदा दोन्हीकडे असतो आणि दुसरीकडे अजून दुखायला लागलेले नसते.

तासांच्या हिशेबाचे तीन प्रसंग

पुढच्या तीन प्रसंगांत महिने मिळत नाहीत. हातात तासच असतात.

*तापासह पाय न हलवणारे मूल.* ताप आहे, मूल पाय टेकवत नाही, डायपर बदलताना किंवा पाय सरळ करताना किंचाळते. तान्ह्या बाळात ताप नसतोही. एक पाय हलत नाही एवढेच दिसते. खुब्यात पू असू शकतो. सोनोग्राफीत सांध्यातले पाणी कळते. पू असेल तर तो त्याच दिवशी काढावा लागतो. गोळ्या देऊन दोन दिवस वाट पाहिली तर बॉल कायमचा जाऊ शकतो. सिकलसेलच्या मुलांत हाडाचा जंतुसंसर्ग जास्त होतो, म्हणून त्यांच्या बाबतीत अधिकच घाई करा.

*मान मोडणे.* घरातले वडीलधारे मोरीत किंवा बाथरूममध्ये घसरतात, उठता येत नाही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. पाय ओढून सरळ करू नका, मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. ओढल्याने पिशवी आवळते, आत साचलेल्या रक्ताचा दाब वाढतो आणि शाबूत राहिलेल्या शाखाही जाऊ शकतात. गुडघ्याखाली उशी देऊन पाय जसा आहे तसा आधाराने ठेवा आणि १०८ ला फोन करा. रुग्ण तरुण असेल तर बॉल वाचवण्यासाठी हाड तातडीने जागेवर बसवून पक्के करतात. वय झालेल्यांत सरकलेल्या मोडीला बहुधा बॉल बदलणे श्रेयस्कर ठरते, म्हणजे माणूस लवकर उभा राहतो.

*खुबा निखळणे.* मोटारीची धडक बसते, पुढच्या सीटवरच्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि बॉल मागच्या बाजूने वाटीबाहेर जातो. पाय आखूड, वाकलेला आणि आत वळलेला दिसतो. बॉल शक्यतो सहा तासांच्या आत बसवला गेला पाहिजे; जितका उशीर, तितका रक्तपुरवठा कायमचा जाण्याचा धोका जास्त. नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर वेग मोठा आहे. सीटबेल्ट बांधा, पुढे बसलेल्याने पाय डॅशबोर्डवर ठेवू नयेत, आणि अपघात झालाच तर जिथे भूल देऊन सांधा बसवण्याची सोय आहे अशाच रुग्णालयात जखमीला न्या. भूल द्यावी लागणार असते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका.

बाळाचा खुबा: दुपटे आणि कडेवर घेणे

तान्ह्या बाळाची वाटी उथळ असते. बॉल मध्यभागी राहिला तर त्याच्याभोवती ती खोल होत जाते. बाळाला पाय सरळ ताणून, घट्ट दुपट्यात गुंडाळण्याची पद्धत याच्या आड येते. जपानमध्येही बाळांचे पाय सरळ बांधत असत. १९७५च्या सुमारास तिथे ही पद्धत सोडण्याची देशभर मोहीम झाली आणि निखळलेल्या खुब्यांचे प्रमाण झपाट्याने उतरले. दुपटे बांधा, पण छातीपाशी. कमरेखाली ते सैल हवे, पाय वाकवून फाकवता आले पाहिजेत. मालिश करणाऱ्या बाईंना सांगा की पाय खेचून सरळ करायचे नाहीत आणि पाय धरून बाळाला उलटे लटकवायचे नाही. मान सावरल्यावर मुलाला कडेवर घेण्याची आपली रीत मात्र खुब्यासाठी उत्तम आहे. पाय आईच्या कमरेभोवती फाकलेले असतात आणि बॉल वाटीत नीट बसतो.

पायाळू जन्मलेली बाळे, मुली आणि घरात कुणाला खुबा निखळण्याचा त्रास असलेली मुले यांचे खुबे तपासून घ्या. सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करता येते. बॉल वाटीत ठेवण्यासाठी बाळाला पट्टे लावावे लागले तर ते घरी घट्ट किंवा सैल करू नका. पाय कमी फाकले तर बॉल निसटतो, बळेच जास्त फाकवले तर बॉलकडे जाणारी धमनी दबते. योग्य कोन या दोहोंच्या मध्ये असतो आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा असतो.

लंगडणारा मुलगा, दुखणारा गुडघा

चार ते आठ वर्षांचा मुलगा खेळून आला की लंगडतो, कधी गुडघा दुखतो म्हणतो, गुडघा तपासला तर काहीच नाही. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, हे पालकांना ठाऊक हवे. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्वे आणि जर्मनीत पेर्थेस यांनी वर्णन केलेला आजार या वयात होतो. बॉलचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो, बॉल मऊ पडतो, मग हळूहळू परत भरतो. मुलग्यांत हा मुलींपेक्षा चार-पाच पट आढळतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर उडुपी भागात त्याचे रुग्ण बरेच दिसतात आणि मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी त्यावर मोलाचे काम केले आहे. उपचाराचे सूत्र असे आहे की बॉल मऊ असेपर्यंत तो वाटीच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे भरताना त्याला वाटीचाच गोल आकार येतो. हे आजाराच्या सुरुवातीलाच साधावे लागते, उशिरा नाही.

विदर्भात एक दक्षता अधिक घ्यावी. सिकलसेलमुळेही मुलाच्या बॉलचे असेच चित्र दिसते. म्हणून अशा मुलाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

सिकलसेल: क्रायसिस कोणती, खुबा कोणता

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली, त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ झाला. नागपूरच्या संपत रामटेके यांना या आजाराच्या रुग्णांसाठी केलेल्या कामाबद्दल २०१८ साली पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. तपासणी वाढते आहे. तपासणीनंतर रुग्णाच्या खुब्याकडे लक्ष ठेवणे हे मात्र घरच्यांचे आणि डॉक्टरांचे सततचे काम आहे.

एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेले रुग्ण. त्यांना वेदनेची इतकी सवय झालेली असते की खुब्याचे दुखणेही क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात जमा होते. फरक असा ओळखा. क्रायसिस बहुधा एकाहून अधिक ठिकाणी दुखवते आणि पाणी, विश्रांती, औषध यांनी काही दिवसांत उतरते. खुब्याचे दुखणे एकाच जागी, जांघेत, टिकून राहते. पाय टेकला की वाढते. मोजा घालताना, पायाची नखे काढताना, गाडीवर टांग टाकताना किंवा मांडी घालताना अडते. असे दुखणे दोन-तीन आठवडे राहिले तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

डॉक्टर काय पाहतात ते समजून घ्या, म्हणजे तपासणीला तुमचीही मदत होईल. रुग्णाला पाठीवर झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवतात आणि पाऊल हळूच बाहेरच्या दिशेला नेतात. पाऊल बाहेर गेले की मांडीचे हाड खुब्यात आत वळते आणि पिशवी आवळते. बिघडलेल्या खुब्यात ही हालचाल सर्वांत आधी कमी होते आणि जांघेत कळ उठते. नेमके कुठे आणि कधी दुखले ते त्याच क्षणी सांगा. ‘सगळीकडेच दुखते’ असे म्हणू नका.

पाणी हा इथे औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. शरीरातले पाणी कमी झाले की विळ्यासारख्या पेशी वाढतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपात रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत एसएस रुग्णाने तहान लागण्याची वाट पाहू नये. बाटली सोबत ठेवावी, भर दुपारची कामे टाळावीत, आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ते बरे वाटते म्हणून बंद करू नये. कडाक्याची थंडीही त्रास वाढवते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अंग उबदार ठेवावे.

एएस म्हणजे वाहक. वाहकांना सहसा हा त्रास होत नाही. एखाद्या वाहकाची जांघ दुखत असेल तर सगळे खापर ‘एएस’वर फोडून थांबू नका, दुसरे कारण शोधा.

स्टेरॉइड आणि दारू

दमा, ल्युपस, किडनी बदल, कोविड अशा आजारांत स्टेरॉइड जीव वाचवतात. डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइड भीतीने अचानक बंद करणे धोक्याचे आहे. पण मोठे डोस किंवा दीर्घ काळ ती घेतली असतील, तर पुढे काही महिने, अगदी वर्ष-दोन वर्षेही जांघेकडे लक्ष असू द्या. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये, कोविडमधून बरे झालेल्या तीन तरुण रुग्णांत एव्हीएन झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सांधेदुखीवर एका दिवसात आराम देणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या पुड्या आणि जिममध्ये मिळणारी इंजेक्शने यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. त्यांत काय मिसळले आहे ते सांगायला कुणी बांधील नसतो. दारू जितकी जास्त आणि जितकी वर्षे, तितका धोका वाढतो. निदान झाल्यावरही ती सोडली तर दुसऱ्या खुब्याचा धोका कमी होतो.

भार कमी करण्याची रीत

निदान झाले, बॉल अजून गोल आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की घरी करायच्या गोष्टी या.

काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरा. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूलाच काठी धरण्याची चूक बहुतेक जण करतात. उलट हातातली काठी खुब्यापासून दूर टेकते, तिची तरफ लांब पडते आणि थोड्याशा जोरातही नितंबाच्या स्नायूंची बरीच ओढ वाचते. ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची रेघ जिथे येते तिथपर्यंत काठीची उंची हवी. टोकाला रबर हवेच, ते झिजले की बदला. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाका. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

ओझे उचलावेच लागले तर ते दुखऱ्या बाजूच्या हातात घ्या. हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब तोच आहे. चांगल्या बाजूचे ओझे लांब तरफेने दुखऱ्या खुब्यावर येते. उन्हाळ्यात कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरण्याचे काम दुसऱ्याला द्या किंवा नळी लावा. डोक्यावर भारे वाहणे आणि पोती उचलणे बंद करा.

वजन जास्त असेल तर उतरवा. पाच किलो कमी झाले की दर पावलाला खुब्यावरचा बारा-साडेबारा किलोचा भार कमी होतो, आणि पावले दिवसाला हजारो पडतात.

उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे, मांडी घालणे यांत जांघेत ओढ बसत असेल तर ते टाळा. कमोड वापरा, घरी नसेल तर भारतीय शौचालयावर ठेवायची कमोडची खुर्ची औषधांच्या दुकानांत मिळते. जेवायला पाटाऐवजी खुर्ची घ्या. धावणे, उड्या, दोरीवरच्या उड्या आणि जिममधल्या वजन घेऊन मारायच्या बैठका बंद.

पण खाटेला खिळू नका. सांधा हलता ठेवला नाही तर कूर्चा उपाशी राहते आणि स्नायू वाळतात. एका जागी उभी असलेली सायकल हलक्या पायाने चालवणे आणि पोहणे यांत हालचाल होते आणि भार कमी पडतो. चांगल्या कुशीवर झोपून वरचा दुखरा पाय सरळ ठेवत वीतभर उचलणे आणि सावकाश खाली आणणे हा व्यायाम नितंबाच्या स्नायूंसाठी आहे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. जांघेत कळ आली की थांबा. सिकलसेलच्या रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ फिजिओथेरपी आणि शस्त्रक्रियेसह फिजिओथेरपी यांच्या निकालांत ठळक फरक दिसला नाही. व्यायामाला दुय्यम समजू नका.

या उपायांची मर्यादाही स्पष्ट आहे. मेलेला भाग मोठा असेल आणि भार झेलणाऱ्या जागीच असेल, तर काठी वापरूनही बॉल खचू शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा तपासणीला जा, बरे वाटत असले तरीही.

ऑपरेशन केव्हा

बॉल गोल असताना हाडात भोक पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते. आतला दाब वाढून रक्त अडते, हे वर पाहिलेच. दाब सोडवला की वेदना कमी होते आणि काहींत नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. बॉल चपटा झाल्यावर मात्र या शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा खुबा बदलणे हाच खात्रीचा मार्ग राहतो. वय लहान आहे म्हणून वर्षानुवर्षे लंगडत राहणे योग्य नाही. आजचे कृत्रिम सांधे बहुतेक रुग्णांत पंधरा-वीस वर्षे आणि त्याहून अधिक टिकतात. सिकलसेलच्या रुग्णाने भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आवर्जून सांगावा. ऑपरेशनआधी रक्त द्यावे लागू शकते, आणि पाणी, ऑक्सिजन व ऊब यांची काळजी ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही घ्यावी लागते.

खर्चाच्या भीतीने निर्णय लांबवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत आपल्या उपचाराचा समावेश आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. तो तुमचा हक्क आहे.

तुमच्या घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, कुणी स्टेरॉइड घेतले असेल, कुणाची दारू जास्त असेल किंवा कुणाच्या खुब्याला मार लागला असेल, तर आज त्यांना एवढेच विचारा: जांघेत दुखते का? उत्तर ‘हो’ आले तर उद्या काठी उलट हातात द्या आणि या आठवड्यात अस्थिरोगाच्या ओपीडीत नंबर लावा. बॉल गोल आहे तोवर उपाय बरेच आहेत.